केंदूरची टॅक्सी, खुटबावची ट्रान्सफर

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी कीर्तन रंगात आलेलं असताना महाराजांनी खांद्यावरचं उपरणं काढून समोर अंथरलं, आणि केंदूरच्या भिमाजीआबांच्या मागं जे काही लागलं ते तिथून लागलं.

"मला शाल नको, श्रीफळ नको," महाराज म्हणाले. "प्रत्येकानं आपली एक खोड या उपरण्यात टाका आणि हलके होऊन घरी जा."

केंदूरची मंडळी मोठी भाविक. मागं मृदंगाचा हलका ठेका सुरू आणि एकेक जण पुढं येऊन काहीबाही टाकतोय. कुणी तंबाखू टाकली, कुणी मिश्री. एकानं शिव्या टाकल्या आणि जागेवर परत जाताना पाय दुसऱ्याच्या चपलेत अडकला तेव्हा त्याच्या तोंडून एक निसटलीही. ती महाराजांनी हसून माफ केली. एकानं राजकारण टाकलं, पण ते फक्त ग्रामपंचायतीपुरतं, सोसायटीची निवडणूक त्यात धरायची नाही असं बजावून.

आबांची पाळी आली. आबा म्हणजे मंडळातले पहिल्या रांगेतले टाळकरी, गळ्यात तुळशीची माळ, रांजणगावच्या एका कारखान्यात डिस्पॅचला जन्म काढून निवृत्त झालेले सरळमार्गी गृहस्थ. तंबाखू नाही, शिवी नाही. टाकण्यासारखी एकच गोष्ट, चहा. समोरून बायकांच्या घोळक्यातून आबांच्या पत्नी सोजराबाई हातानं कपबशीची खूण करून तेच सुचवत होत्या. पण चहा म्हणजे आबांचा जीव की प्राण. पांडुरंगानं मागितला असता तर आबांनी त्याला अर्धा कप दिला असता, पण त्याहून जास्त नाही.

म्हणून आबांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "महाराज, मी मत्सर टाकला!"

टाळांचा एकच कल्लोळ झाला. महाराज स्वतः पुढं आले, आबांच्या कपाळी बुक्का लावला आणि त्यांना उराशी धरलं. "बघा, आख्ख्या मांडवात असं टाकणारा एक निघाला!" आबांचे डोळे भरून आले. मनात हिशेब अगदी साधा होता. मत्सर आपल्यात मुळात नाहीच. तर तो सोडायला जड ते काय जाणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी खुटबावहून इवायांचा फोन आला.

हे इवाई, म्हणजे व्याही, हौसराव. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या सोसायटीचे चेअरमन, ऊसवाले, पांढऱ्या कपड्यांना कडक इस्त्री करून गोठ्यात शेण बघायला जाणारे. त्यांची वैष्णवी आबांच्या सत्यजीतला दिलेली. दोघं जर्मनीत. तिकडंच त्यांना मुलगी झाली, साई. आता सहसा पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मग बाळाला वाजतगाजत बापाच्या घरी आणतात. पण हे बाळंतपण झालं परदेशात, त्यामुळं हौसरावांच्या कस्तुराबाई विमानात बसून तिकडं गेल्या आणि चांगल्या तीन महिने राहून आल्या. तेव्हापासून रोज सकाळी 'शुभ सकाळ' म्हणून एक फोटो यायचा, आणि त्यात साई कस्तुराबाईंच्या मांडीवर. आबा फोटो बघायचे, अंगठा दाखवून पावती द्यायचे आणि छाती चोळायचे. छातीत जळजळायचं. आबा म्हणायचे चहामुळं होतंय. सोजराबाई म्हणायच्या, "मग सोडा की चहा." तिथं विषय संपायचा.

त्या साईला घेऊन दोघं आता पहिल्यांदा घरी येत होती. विमानं बदलत बदलत शुक्रवारी दुपारी पुण्याला उतरणार होती. वर्षाची व्हायला आलेली नात, दोन्ही आजोबांनी अजून फक्त मोबाइलच्या काचेत बघितलेली. आबांनी मनाशी एकच गाठ बांधली होती. ती पहिल्यांदा टेकायची ती आपल्याच मांडीवर.

"रामकृष्णहरी पाव्हणं!" फोनवर हौसराव म्हणाले. "म्हटलं पोरांना आणायच्या गाडीची तुमी काळजी करू नगा. म्या प्रायव्हेट ट्रान्सफर बुक केलीय."

"काय केलंय?"

"ट्रान्सफर. गाडी आधीच ठरल्याली आस्ती. डायवर युनिफॉर्मात, हातात नावाची पाटी. गार पाण्याच्या बाटल्या. आन् बाळासाठी येगळी खुर्ची!"

"खुर्ची?" आबांचा आवाज नकळत वर गेला. "आमची नात खुर्चीत बसाया काय चेअरमन हाय व्हय?"

"आमच्या घराण्यात हाय की चेअरमनकी," हौसराव मोकळं हसले. "तवा शुक्रवारी गाडी थेट खुटबावला. दोन दिस माहेरपण, मग केंदूरला धाडतो."

आबांनी फोन ठेवला आणि छाती चोळली. ट्रान्सफर हा शब्द त्यांनी जन्मभर कारखान्यात ऐकला होता. नको असलेल्या माणसाला लांबच्या प्लँटला टाकायचे त्याला ट्रान्सफर म्हणत. आता आपली ट्रान्सफर झाली, असं त्यांना स्पष्ट वाटलं. पण मत्सर तर उपरण्यात गेलेला, अख्ख्या गावासमोर. मग हे जे होतंय ते काय? आबांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं. ही नातीची काळजी आहे.

काळजी घेऊन ते मांडवात गेले. काकडा संपून मंडळी चहाला टेकली होती. वीणेकरी आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"ट्रान्सफर म्हंजी पोरांची बदली झाली का काय?"

"न्हाई ओ आप्पा," मोबाइलच्या दुकानाचा मुजीब म्हणाला. गावातल्या सगळ्या ऑनलाइन गोष्टींचं निरूपण त्याच्याकडं. "टॅक्सी म्हंजी आपण जाऊन गाडी धरायची. ट्रान्सफर म्हंजी गाडी येऊन आपल्याला धरती."

"आन् तो डायवर कोण, कुठला?" आप्पा म्हणाले. "अनोळखी माणसाच्या हाती लेकरू द्यायचं? आबा, हे बरं न्हाई. मत्सराचा भाग येगळा, तो तुमच्यात न्हाईच."

"न्हाईच!" आबा म्हणाले.

"मग आपला मेहमूद काय वाईट हाय?"

मेहमूद जीपवाला. सप्ताहाच्या दिवसांत कीर्तनकार आणायचे आणि पोचवायचे ते त्याच्याच जीपमधून. त्यानं इतक्या महाराजांना ने-आण केली होती की गाडी चालवता चालवता तो कधी कधी कीर्तनातला दृष्टांत अर्ध्यावरून उचलायचा आणि शिकरापूर येईपर्यंत पुरा करायचा. आबांनी त्याच्या हातात रीतसर नारळ ठेवला, कीर्तनकाराला ठेवावा तसा.

"आबा, गाडी तुमचीच समजा," मेहमूद म्हणाला. "त्यांची खुर्ची आसंल, आपल्यात आख्खा बाक हाय."

मग आबांनी सत्यजीतला फोन लावला. तिकडं हौसरावांचा फोन आधीच होऊन गेला होता. सत्यजीत काकुळतीला आला. "आबा, तुम्ही दोघं काहीही ठरवा, फक्त दोन गाड्या आणू नका."

"म्या कुठं म्हणतो दोन आणा? एकच आणतोय. आपली."

पलीकडं कुजबुज झाली आणि फोनवर वैष्णवी आली. पोरगी मोठी गोड, पण चेअरमनची लेक. "आबा, असं करूया. ज्या गाडीत साई आणि आम्ही नीट बसू, त्या गाडीत बसू. आणि ती जिकडं जाईल तिकडं आधी जाऊ. चालेल?"

"चालंल म्हंजी? पळंल!" आबा म्हणाले. आख्ख्या बाकापुढं एका खुर्चीचं काय चालणार होतं?

आता राहिली पाटी. हौसरावांचा ड्रायव्हर हातात पाटी धरणार, तर आपण काय मोकळ्या हातानं उभं राहायचं? आबा शिकरापूरला फ्लेक्सच्या दुकानात गेले. मजकूर सुटसुटीत होता. 'चि. साई हिचे सहर्ष स्वागत', आणि मधोमध साईचा फोटो.

"शुभेच्छुक कोण?" फ्लेक्सवाल्यानं विचारलं.

"शुभेच्छुक कुणी न्हाई."

"आबा, शुभेच्छुक नसलेला फ्लेक्स लोकं वाचत न्हाईत. त्यांना वाटतं कुणी गेलं."

हे ऐकल्यावर आबांनी आप्पांचा फोटो दिला. आप्पांचा दिला म्हणून मृदंगवाल्याचा द्यावा लागला, मृदंगवाल्याचा दिला म्हणून चार टाळकऱ्यांचे. मुजीबनं स्वतःचा काळ्या चष्म्यातला फोटो दुकानदाराला परस्पर पाठवला आणि तो नेमका मधोमध छापून आला. फ्लेक्स तयार झाला तेव्हा त्यात अख्खं मंडळ पोस्टरावरच्या उमेदवारांसारखं हसत होतं, आणि साई खालच्या कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी. आबांनी तक्रार केली तर दुकानदार म्हणाला, "बाळ ल्हानच आसतंय की आबा."

शुक्रवारी सकाळी जीप दारात आली. सोजराबाईंनी भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या, औक्षणाचं ताट सगळं मांडून ठेवलं होतं. आबा म्हणाले, "चल, बस पुढं."

"मी न्हाई येत," सोजराबाई म्हणाल्या. "मी घरीच थांबते. म्हंजी गाडीत तेवढी जागा मोकळी ऱ्हाईल."

शेवटच्या वाक्यावर त्यांनी जरा जोर दिला होता. आबांना त्यातला जोर काही कळला नाही. मोकळी जागा तेवढी कळली ती नकुशीमावशीला, म्हणजे सप्ताहाला आलेल्या सोजराबाईंच्या कवठे येमाईच्या थोरल्या बहिणीला. "जागा मोकळी हाय तर मी येते की," म्हणत ती चढलीसुद्धा, सोबत दृष्ट काढायच्या मिरच्या-मिठाची पुरचुंडी.

मग आप्पा आले, वीणा घेऊन. स्वागताला वीणा नको? वीणा आली तर मृदंग नको? आणि मृदंग एकटा काय करणार, टाळ नकोत? मुजीबला विमान कुठवर आलं ते मोबाइलवर बघायचं होतं. एकेकाचं कारण असं की नाही म्हणायला जीभ रेटू नये. आणि खरं सांगायचं तर आबांना नाही म्हणायचंही नव्हतं. एकेक माणूस चढत होता तसतसं त्यांना समाधान वाटत होतं. उभा जन्म त्यांनी गेटवर उभं राहून ट्रक भरून पाठवले होते. भरल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडायची नाही, हा त्यांचा कारखान्यातला धर्म. परतीच्या गाडीतून काय येतं हे बघायचं काम त्यांचं नव्हतंच, ते इनवर्डवाल्यांचं. त्यामुळं जीप खचाखच भरल्यावर आबांनी सवयीनं मागचं दार दाबून बघितलं, त्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जाऊ दे!"

उंबऱ्यात उभ्या सोजराबाईंनी कपाळाला हात लावला. आबांना वाटलं, नमस्कार केला.

शिकरापूरच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या, वाघोलीत त्याहून. पण जीपमध्ये भजन असं लागलं होतं की शेजारच्या टेंपोतला माणूस काच खाली करून ठेका धरत होता. आबा टाळ वाजवत होते आणि मधूनच डाव्या मांडीवरची धोतराची घडी सारखी करत होते. तिथं साई बसणार होती.

विमानतळावर मेहमूदला गाडी लांबच्या पार्किंगमध्ये लावावी लागली, आणि दिंडी तिथून चालत निघाली. दारापाशी सुरक्षावाला आडवा आला. मृदंगाकडं बघून त्यानं विचारलं, "इसमें क्या है?"

"नाद," आप्पा म्हणाले.

त्याला काही ते पटलं नाही. वाद्यं वाजवायची नाहीत, रस्ता अडवायचा नाही, या अटीवर त्यानं सगळ्यांना कठड्याच्या कडेला उभं केलं. टाळकऱ्यांनी टाळ उपरण्यात गुंडाळून काखेत धरले, जन्मात पहिल्यांदा.

आणि तिथंच, कठड्याला रेलून, हौसराव उभे होते. कडक इस्त्री, खिशाला पेन, मनगटावर अत्तर. एसटीनं येऊन धुळीचा कण अंगावर नाही. शेजारी पांढऱ्या गणवेशातला ड्रायव्हर. त्याच्या हातात छोटीशी काळी पाटी, तिच्यावर सोनेरी अक्षरात फक्त एक शब्द: साई.

ती पाटी बघून आबांच्या छातीत अशी कळ आली की काही विचारू नका. केवढीशी पाटी! आणि त्यात फक्त साईचं नाव. आबांच्या फ्लेक्सची गुंडाळी दोन टाळकऱ्यांच्या खांद्यावर होती.

"या पाव्हणं!" हौसराव म्हणाले. "सप्ताह हितंच हलवला काय?"

"पाटी बारीक हाय तुमची," आबा म्हणाले.

"वाचाया येती पण."

"खुर्ची कुठंय?"

हौसरावांनी दाखवली. लांबलचक पांढरी गाडी दाराच्या समोरच थांबलेली, आणि मागच्या सीटवर लाल मखमली खुर्ची, पट्टे असलेली, गुबगुबीत. आबांनी काचेला नाक लावून ती बघितली. अशी खुर्ची त्यांना कारखान्यात जनरल मॅनेजरच्या केबिनमध्येही दिसली नव्हती. आपण मत्सर टाकला आहे हे त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं.

तेवढ्यात दार सरकलं आणि ट्रॉली ढकलत सत्यजीत आला. मागं वैष्णवी, आणि तिच्या कडेवर साई. काचेतली नव्हे, खरी, गालफुगी, झोपेतून उठून टकामका बघणारी.

"फ्लेक्स!" आबा ओरडले.

फ्लेक्स उलगडला. साईच्या समोर अचानक सहा-सात मिशाळ चेहरे आणि मधोमध काळा चष्मा उभा राहिला. ती एक क्षण गप्प बसली आणि मग तिनं जो सूर लावला, तो वीणेच्या सगळ्या तारा तुटाव्यात असा होता. सुरक्षावाला धावत आला. फ्लेक्स गुंडाळला गेला. दोन्ही आजोबांनी हात पुढं केले, तशी ती आईच्या मानेत आणखीच घुसली.

"आबा, आधी गाडीत बसूया, मग ती शांत होईल," सत्यजीत म्हणाला. "गाडी कुठंय?"

मेहमूदनं जीप आणली. मंडळी सवयीनं चढायला लागली. आप्पा चढले, वीणा चढली, मृदंग चढला, मावशी चढली, टाळकरी चढले, मुजीब चढला. जीप भरली. आबांनी अभिमानानं मागचं दार दाबून बघितलं.

आणि फुटपाथवर सत्यजीत, वैष्णवी, साई आणि चार बॅगा तशाच उभ्या होत्या.

आबांनी आत बघितलं, बाहेर बघितलं, पुन्हा आत बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना इनवर्ड खात्याचं महत्त्व कळलं.

"सरकून घ्या रं!" आबा म्हणाले. आतून हालचाल झाली, पण जागा न होता नकुशीमावशी तेवढी ओरडली.

"म्या उतरू का?" आप्पा म्हणाले, पण वीणेसकट ते अशा ठिकाणी अडकले होते की त्यांना उतरवायला आधी सगळ्यांना उतरावं लागलं असतं. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या.

"आबा," वैष्णवी हळूच म्हणाली, "साईला पट्टा लावलेला बरा असतो. आपलं ठरलंय ना, नीट बसू त्या गाडीत?"

आबांनी मान हलवली. पांढरी गाडी आली. लाल खुर्चीत साई बसली, शेजारी वैष्णवी, पुढं सत्यजीत. हौसराव आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगा पाव्हणं. मत्सर तर तुमी सोडल्यालाच हाय म्हणं. मुजीबनं स्टेटसला टाकलं हुतं." आणि ऐटीत गाडीच्या दुसऱ्या दाराकडं गेले.

तिथं बॅगा होत्या.

"सर, बुकिंग तीन पैसेंजर का है," ड्रायव्हर अदबीनं म्हणाला. "सामान भी बहुत है। आप दूसरी गाड़ी से आइए।"

"आरं पण बुकिंग म्या केलंय!"

"जी सर। बहुत धन्यवाद सर।"

दार मऊ आवाजात बंद झालं. गाडी निघून गेली. कडक इस्त्रीतले चेअरमन फुटपाथवर एकटे उभे राहिले.

भिमाजीआबांच्या छातीतली जळजळ त्या क्षणी अशी थांबली की जशी कधी नव्हतीच. आनंद इतका झाला की तो लपवायला त्यांना मोठा वैराग्याचा चेहरा करावा लागला. "या पाव्हणं," ते म्हणाले. "आमच्यात जागाच जागा हाय."

जागा कसली? पुढं आबांची होती तेवढीच. शिट्टी वाजवत पोलीस आला, मेहमूदनं घाई केली, आबा पुढं चढून बसले, आणि कुणाला काही कळायच्या आत हौसराव आबांच्या मांडीवर बसले. डाव्या. धोतराची घडी सारखी करून ठेवलेल्या.

"जड तर होत न्हाई?" हौसरावांनी विचारलं.

"न्हाई न्हाई," आबा त्यांच्या पाठीमागून म्हणाले. "आपलंच माणूस."

"मेहमूद, त्या गाडीच्या मागं लाव!"

"खुटबाव का केंदूर, आबा?"

"साई जिकडं जाईल तिकडं!" दोन्ही इवाई एकदमच म्हणाले.

केसनंदच्या बाजूनं थेऊरकडं जाणारा तो रस्ता, त्यावरचा एकेक गतिरोधक आबांनी हौसरावांच्या वजनासकट सोसला. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, फक्त इस्त्रीची पांढरी पाठ. ते मधूनच विचारत, "दिसती का गाडी?" आणि हौसराव वर बसून सांगत, "दिसती. वळली. साईचं डोकं दिसलं मला." मांडी आपली, आणि डोकं बघणार हे! पुन्हा जळजळ सुरू झाली.

थेऊर मागं टाकलं आणि एका चहाच्या टपरीपाशी पांढरी गाडी थांबलेली दिसली. दारं सताड उघडी. साईचा आवाज जीपपर्यंत येत होता. मखमली खुर्चीत बसायला ती मुळी तयारच नव्हती. सत्यजीत खुळखुळा वाजवत होता, वैष्णवी रडकुंडीला आली होती.

जीप थांबताच हौसराव उडी मारून धावले. आबाही धावायला निघाले आणि जमिनीवर बसले. दोन्ही पाय बधिर. मुंग्यांचं वारूळच्या वारूळ पायात शिरलं होतं. मंडळींनी घाईनं फ्लेक्स अंथरला आणि आबांना त्यावर बसवलं, आप्पांच्या छापील कपाळावर. तिथून त्यांना दिसलं. हौसराव साईला घेतायत.

"ये गं माझी बाय!" हौसरावांनी तिला उचललं. साईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, त्यांच्या खिशातला पेन उपटून फेकला आणि सूर आणखी वर नेला. त्यांनी घाबरून तिला आबांकडं आणलं. आबांनी हात पसरले. तिनं आबांच्या मिशा धरल्या, ओढल्या आणि सूर त्याहून वर. नकुशीमावशीनं दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका लागून सगळेच खोकले.

शेवटी आप्पा उतरले. विमानतळापासून दाबून धरलेला नाद त्यांना आता आवरेना. त्यांनी वीणा छेडली, मृदंगावर हलकी थाप पडली, उपरण्यातून टाळ निघाले. विठ्ठलाचं नाव सुरू झालं, अगदी हळू, पाळण्याच्या चालीत. साई थांबली. हुंदका गिळून बघायला लागली. वैष्णवीनं तिला अलगद फ्लेक्सवर सोडलं.

ती रांगत निघाली. मृदंगवाल्याच्या फोटोवरून, मुजीबच्या चष्म्यावरून. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला हौसराव, दोघंही हात पुढं करून, श्वास रोखून. टाळ वाजत होते. साईनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग सरळ पुढं गेली आणि कडेला उकिडवं बसून चहा पिणाऱ्या ट्रान्सफरच्या ड्रायव्हरच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यानं कप खाली ठेवला, तिला उचलून मांडीवर घेतलं. ती त्याच्या गणवेशाच्या सोनेरी बटणाशी खेळत खुदकन हसली.

"बघितलं का पाव्हणं?" हौसराव म्हणाले.

"बघितलं," आबा म्हणाले.

"बुकिंग म्या केलं."

"नारळ म्या दिला."

दोघं फ्लेक्सवर शेजारी शेजारी बसून त्या परक्या माणसाकडं बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा दोघांच्या छातीत एकाच जागी, एकाच वेळी जळजळत होतं, आणि त्यात एक विलक्षण जवळीक होती.

"घर पे मेरी भी है, इतनी ही," ड्रायव्हर जरा ओशाळून म्हणाला. त्यानं तिला उचललं आणि जवळ कोण आहे हे बघून आबांच्या मांडीवर ठेवलं. बधिर झालेल्या, डाव्याच. या वेळी ती रडली नाही. तिनं आबांच्या गळ्यातल्या टाळाची दोरी धरली आणि तोंडात घातली.

पाय बधिर असल्यामुळं आबांना तिचं वजन कळेना. एवढं राखून ठेवलेलं सुख आणि मांडीला पत्ताच नाही! पण तिच्या टाळूचा वास आला. मग त्यांची नजर शेजारी गेली. हौसराव त्यांच्याकडं बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर काय होतं हे आबांना कुणी सांगायला नको होतं. तोच चेहरा ते रोज सकाळी फोटो बघताना आपल्या कपाटाच्या आरशात बघत आले होते.

"घ्या," आबा म्हणाले. मग म्हणाले, "जरा थांबा." आणि आणखी थोडा वेळ धरून मग म्हणाले, "हं. घ्या."

गाडीचं उतरायचं ठिकाण खुटबावच होतं आणि ते बदलायची सोय नव्हती, म्हणून सगळी दिंडी खुटबावला गेली. चौघांपुरत्या पुरणपोळ्या करून बसलेल्या कस्तुराबाईंच्या दारात मृदंगासकट अख्खं केंदूर उतरलं. केंदूरहून सोजराबाईंचा फोन आला. "भाकरतुकडा वाळून गेला. कुठं हाय माझी नात?" आबांनी फोन हौसरावांकडं दिला आणि हौसरावांनी तो पटकन मेहमूदकडं.

काल्याच्या दिवशी मात्र साई केंदूरला आली, मेहमूदच्या रिकाम्या जीपमधून. सोजराबाईंनी आधी ताजा भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग तिला उचललं आणि सबंध काल्याचं कीर्तन संपेपर्यंत कुणाला दिलं नाही, आबांनाही नाही. दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला, तेव्हा आबा महाराजांजवळ जाऊन उभे राहिले.

"महाराज, एक इनंती होती. ते मी उपरण्यात टाकल्यालं... परत मिळंल का?"

"मत्सर?"

"व्हय. माझा न्हवता म्हणून टाकला हुता. आता कळलं, माझाच हाय. त्याच्या बदल्यात चहा घ्या."

महाराज हसले नाहीत. त्यांनी आबांना पहिल्यापेक्षा घट्ट उराशी धरलं. "आबा," ते कानात म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही टाकलात तेव्हा मलाच तुमचा हेवा वाटला होता. आता बरं वाटलं."

साई राहिलेल्या माहेरपणाला खुटबावला गेली. आबांनी चहा सोडला तो सोडलाच. डोकं दुखायचं, पण शब्द म्हणजे शब्द. मग एका सकाळी ओट्यावर बसले असताना हौसरावांचा फोन आला.

"पाव्हणं! साई चालली! आपल्या आपण चार पावलं टाकली, गोठ्यापासनं माझ्यापत्तर!"

"वा वा," आबा म्हणाले. "लई भारी झालं." फोन ठेवला आणि छाती चोळायला लागले.

सोजराबाई आतून बाहेर आल्या. "काय झालं? जळजळतंय का?"

"व्हय."

"चहा तर सोडलाय की."

आबांनी खुटबावच्या दिशेकडं बघितलं. मग म्हणाले, "मेहमूदला फोन लाव. आन् सांग, या खेपंला गाडीत कुणाला बसवायचं न्हाई."